दांताची टोपी : तिचा इतिहास आणि तिच्या खोड्या

'झांकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण संसारांत पुष्कळ ठिकाणीं उपयोगी पडते. घरची अडचण चारचौघांत उघडी करूं नये, मुठींत काय आहे तें दुसऱ्यास कळूं देऊं नये, हा व्यवहार आपण पिढ्यान्पिढ्या करीत आलों आहोंत. परंतु मनुष्याच्या शरीरांत एक जागा अशी आहे कीं, जेथें ही म्हण मुळींच लागू पडत नाहीं. ती जागा म्हणजे टोपी चढविलेला दांत. तेथें झांकलेल्या मुठींत काय आहे हें मालकाला कळलेंच पाहिजे. न कळल्यास ती मूठ केव्हां रिकामी होईल याचा नेम नसतो.

श्रोतेहो, आपण बोलतांना जिला 'कॅप' म्हणतों आणि दंतवैद्य जिला 'क्राऊन' म्हणतात, ती दांताची टोपी म्हणजे काय हें प्रथम पाहूं. किडीनें पोखरलेला, मारानें फुटलेला किंवा झिजून खुजा झालेला दांत चोहों बाजूंनीं थोडा तासतात आणि त्यावर धातूचें, चिनी मातीचें अथवा दोहोंचें मिळून केलेलें कवच सिमेंटनें बसवितात. वरचा भाग कारागिराचा. पण मूळ, हिरडी आणि हाड हीं आपलींच. म्हणजे टोपी चढविल्यानें दांत नवा होत नाहीं. जुन्या दांताला नवें छप्पर मिळतें, इतकेंच. या छपराचा इतिहास अडीच हजार वर्षांहून मोठा आहे आणि त्याचें तात्पर्य एकच आहे. टोपी कोणत्या जिनसाची आहे यापेक्षां ती दांताला जेथें भेटते तो सांधा कसा आहे, आणि तिच्याखालीं काय आहे, यावरच तिचें आयुष्य अवलंबून असतें. ज्या ज्या काळीं लोक हें विसरले, त्या त्या काळीं त्यांनीं आपले दांत गमावले. आणि एकदां तर त्या विस्मरणापायीं सुदृढ दांतांचाही बळी गेला.

इटलीच्या मध्यभागांत इ. स. पूर्वीं सातव्या शतकाच्या सुमारास एट्रुस्कन नांवाचे लोक नांदत होते. त्यांच्या थडग्यांतून सोन्याच्या चपट्या पट्ट्या सांपडल्या आहेत. या पट्ट्या शेजारशेजारच्या दांतांभोंवतीं कड्यासारख्या बसवीत आणि मधल्या पडलेल्या दांताच्या जागीं दुसरा दांत खिळ्यानें जडवीत. अशा पट्ट्या बहुतेक स्त्रियांच्याच दांतांवर आढळतात. त्यावरून हा प्रकार चावण्यापेक्षां मिरविण्यासाठींच अधिक असावा, असें विद्वानांचें अनुमान आहे. इ. स. पूर्वीं ४५० च्या सुमारास रोममध्यें जो 'द्वादश फलकां'चा कायदा झाला, त्यांत प्रेताबरोबर सोनें घालूं नये असा निर्बंध होता. मात्र ज्याचे दांत सोन्यानें बांधलेले असतील, त्याला त्या सोन्यासह पुरण्यास किंवा जाळण्यास हरकत नाहीं, अशी सवलत त्याच कायद्यानें दिली होती. आपल्याकडे अंतकाळीं मुखांत तुळशीपत्र, गंगोदक आणि सोन्याचा कण घालण्याचा जो आचार आहे, त्याची येथें सहज आठवण होते. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं; तथापि तोंडांतलें सोनें मनुष्याच्या शेवटापर्यंत त्याच्याबरोबर असावें, ही भावना दोहों ठिकाणीं दिसते खरी.

आपल्या सुश्रुतसंहितेंत दांतांच्या आणि दंतमुळांच्या रोगांचें सविस्तर वर्णन आहे, कृमिदंताचें नांवही आहे. परंतु टोपी ही कल्पना तेथें नाहीं. स्पेनमधील कॉर्दोबा नगराजवळ दहाव्या शतकांत जन्मलेला अरब शस्त्रवैद्य अल् झहरावी यानें हलणारे दांत सोन्याच्या तारेनें एकमेकांस बांधण्याची रीत आपल्या 'तस्रीफ' या विशाल ग्रंथांत लिहून ठेविली. चांदीची तार कांहीं दिवसांनीं हिरवी पडून बिघडते, म्हणून सोनेंच वापरावें. दांत पडला असेल तर तोच पुन्हां बसवावा किंवा बैलाच्या हाडाचा दुसरा घडवावा, असा त्याचा उपदेश आहे. येथें सोन्याचा विचार दागिना म्हणून नाहीं, तर सदा ओल्या असणाऱ्या तोंडांत न बिघडणारा धातु म्हणून केलेला आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

खरी टोपी अवतरली ती अठराव्या शतकांतील फ्रान्समध्यें. पॅरिसचा दंतवैद्य पिअर फोशार यानें १७२८ सालीं दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोंपर्यंत दांत उपटणें हा बव्हंशीं न्हाव्यांचा आणि जत्रांतून फिरणाऱ्या तमासगिरांचा धंदा होता. फोशारनें त्याला शास्त्राची बैठक दिली. दांतांत किडा असतो ही समजूत त्या काळीं सार्वत्रिक होती. फोशारनें सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें, किडा कांहीं सांपडला नाहीं, आणि तसें त्यानें निर्भीडपणें लिहून ठेविलें. ज्या दांताचा वरचा भाग गेला आहे पण मूळ शाबूत आहे, त्या मुळाच्या नळींत सोन्याची किंवा चांदीची खुंटी तो बसवी. तिला धरून ठेवण्यासाठीं उष्णतेनें मऊ होणारें लुकण वापरी आणि त्या खुंटीवर कोरलेला दांत चढवी. पुढें १७४६ सालीं क्लोद मूतों या दुसऱ्या फ्रेंच दंतवैद्यानें झिजलेल्या दाढेवर सोन्याची पोकळ टोपी घालण्याची युक्ति वर्णिली. आज आपण ज्याला टोपी म्हणतों तिची वंशावळ येथून सुरू होते.

पण फोशारच्या लुकणाला आणि मूतोंच्या टोपीला एकच वैरी होता. तो म्हणजे मुळांतली कुज. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंत धातूच्या खुंटीऐवजीं हिकरी नांवाच्या चिवट लांकडाची खुंटी वापरण्याची चाल पडली. लांकूड लाळेनें फुगतें आणि मुळांत घट्ट बसतें, हा त्यांतला हिशेब. हिशेब बरोबर होता. पण फुगणारें लांकूड कोठें थांबावें हें त्याला कळत नाहीं. कित्येकदां खुंटीनें मूळच चिरलें जाई. जेथें मूळ टिकलें तेथें लांकूड कुजत असे. दांताच्या आंतली नस जिवंत असतां तिच्यावर काम करणें म्हणजे नरकयातनाच. म्हणून १८३६ सालीं स्पूनर नांवाच्या अमेरिकन दंतवैद्यानें ती नस सोमल घालून मारण्याची रीत प्रसिद्ध केली. नस मेली कीं दुखणें थांबे. दुखणें थांबलें कीं रोग गेला, असें रोगी समजे. आणि पुष्कळदां वैद्यही समजे. मेलेली नस आंत तशीच राहून नासते, ही गोष्ट कळावयास अद्याप अवकाश होता.

यानंतर तीनचार शोध एकामागून एक आले आणि टोपीचें राज्य सुरू झालें. १८४४ सालीं होरेस वेल्स यानें नायट्रस ऑक्साइड हुंगवून आणि १८४६ सालीं मॉर्टन यानें ईथर हुंगवून वेदनेवर विजय मिळविला. १८७१ सालीं मॉरिसन यानें शिवणाच्या यंत्राप्रमाणें पायानें चालणारें दांत कोरण्याचें यंत्र काढलें. त्यामुळें दांत तासणें मिनिटांचें काम झालें. त्याच शतकाच्या शेवटच्या पादांत जस्ताच्या भस्मापासून केलेलें, तोंडांत घट्ट होणारें सिमेंट मिळूं लागलें. १८८० च्या सुमारास रिचमंड यानें खुंटी, सोनें आणि चिनी मातीचा दर्शनी भाग यांचा मेळ घालणारी टोपी पुढें आणली. सोन्याचा पत्रा साच्यावर ठोकून टोप्या घडूं लागल्या, आणि दांत सोन्याचा असणें हें अमेरिकेंत ऐश्वर्याचें लक्षण ठरलें. धंदा इतका फोंफावला कीं, टोपी बसविण्याच्या कृतींचे पेटंट हातीं घेऊन एक कंपनी दंतवैद्यांवर फिर्यादी करीत सुटली. तिला तोंड देण्यासाठीं शिकागोच्या क्राउस या दंतवैद्यानें १८८८ सालीं आपल्या व्यवसायबंधूंचा संरक्षण-संघ उभारला.

या वैभवाच्या काळांतच एक मोठी उणीव झांकली गेली. पत्र्याची ती टोपी दांताच्या मानेशीं नेमकी बसत नसे. तिची कड हिरडींत घुसे किंवा दांतापासून सुटून राही. त्या फटींत अन्न सांचे. आणि १८९० सालीं बर्लिनमध्यें विलोबी मिलर यानें दाखवून दिलें होतें कीं, तोंडांतले सूक्ष्मजंतु अशाच सांचलेल्या अन्नापासून आम्ल तयार करतात आणि तें आम्ल दांत विरघळवितें. शिवाय पुष्कळ टोप्या तर नासक्या मुळांवर, त्यांची कांहींही शुद्धि न करतां, तशाच चढविलेल्या असत. 'वरून कीर्तन, आंतून तमाशा' असा हा मामला होता.

त्याचा स्फोट १९१० सालीं झाला. विल्यम हंटर नांवाचा लंडनचा एक नामांकित वैद्य कॅनडांतील मॉंट्रिऑल येथें मॅक्‌गिल विद्यापीठांत व्याख्यान देण्यासाठीं गेला होता. पांडुरोग, पोटाचीं दुखणीं, सांधेदुखी असे रोगी त्यानें तपासले होते आणि त्यांच्या तोंडांत सोन्याच्या टोप्यांखालीं पू पाहिला होता. हीं सोन्याचीं कामें म्हणजे पुवावर बांधलेल्या समाध्या आहेत, असा त्याच्या कडक शब्दांचा मथितार्थ होता. दंतवैद्यांना तो बोल झोंबला. पण त्यांतला अर्धा भाग अक्षरशः खरा होता. झांकलेली घाण ही घाणच असते, हें कोणी तरी सांगण्याची वेळ आलीच होती.

दुर्दैवानें उरलेल्या अर्ध्या भागानें अनर्थ केला. दांतांतला पू सर्वांगाच्या रोगांचें मूळ असतो, अशी एक उपपत्ति त्यावर उभी राहिली आणि पुढचीं वीसतीस वर्षें अमेरिकेंत व इंग्लंडांत दांत उपटण्याची जणूं साथ आली. संधिवात झाला, उपटा दांत. डोळे दुखतात, उपटा दांत. मन थाऱ्यावर नाहीं, तरी उपटा दांत. न्यू जर्सींतील ट्रेंटनच्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख हेन्री कॉटन यानें वेड बरें करण्यासाठीं रोग्यांचे दांत काढण्याचा सपाटा लावला होता. पुढें तो आंतड्यांवरही शस्त्र चालवूं लागला आणि त्या शस्त्रक्रियांत अनेक रोगी दगावले. टोपीखालीं पाहण्याऐवजीं टोपीसकट दांतच फेंकून देण्याचा हा मार्ग होता.

या लाटेविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत न्यू ऑर्लिन्सचा दंतवैद्य एडमंड केल्स याचें नांव आदरानें घ्यावें लागेल. रंटगेननें १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लावला, आणि पुढच्याच वर्षीं केल्सनें ते दांतांसाठीं वापरावयास सुरुवात केली. हिरडीखालचें मूळ आणि हाड डोळ्यांनीं पाहण्याचें साधन प्रथमच हातीं आलें. ज्या छायाचित्रांचा आधार घेऊन इतर लोक सर्रास दांत उपटीत होते, त्याच छायाचित्रांनीं पुष्कळ दांत वाचवितां येतात, असें केल्स कंठरवानें सांगे. त्या किरणांनींच त्याचा घात केला. हात उघडा ठेवून वर्षानुवर्षें काम केल्यानें त्याला कर्करोग झाला, बोटें गेलीं, हात गेला, आणि १९२८ सालीं असह्य वेदनांत त्यानें स्वतःच आपलें जीवन संपविलें. पुढें दहा वर्षांनीं, १९३८ सालीं, रसेल सेसिल आणि अँजेव्हिन या अमेरिकन वैद्यांनीं संधिवाताचे दोनशें रोगी तपासून दांत काढल्यानें तो रोग हटत नाहीं असें जाहीर केलें. सेसिल स्वतः एके काळीं त्या उपपत्तीचा पुरस्कर्ता होता, हें विशेष. त्यानंतर ती लाट ओसरली. मागें राहिला तो हंटरच्या बोलण्यांतला खरा भाग : मूळ शुद्ध केल्यावांचून आणि कड नेमकी बसविल्यावांचून टोपी चढवूं नये.

नेमकी कड देण्याची युक्ति १९०७ सालीं सांपडली. विल्यम टॅगर्ट या अमेरिकन दंतवैद्यानें मेणाचा नमुना करून, तो साच्यांत गाडून, मेण जाळून काढून त्या पोकळींत वितळलेलें सोनें दाबानें भरण्याचें यंत्र न्यूयॉर्क येथें दाखविलें. त्यानें पेटंटही घेतलें होतें. परंतु आयोवा संस्थानांतील फिलब्रुक या दंतवैद्यानें हीच कृति १८९७ सालीं प्रसिद्ध केलेली असल्याचें कोर्टांत सिद्ध झालें आणि टॅगर्टचा हक्क बुडाला. आपणांस मात्र या दोघांपेक्षांही जुना दाखला ठाऊक आहे. मेणाचा नमुना करून मूर्ति ओतण्याची रीत कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकांतील ग्रंथांत दिलेली आहे. मेणाच्या वजनावरून धातु किती घ्यावा याचें गणितही त्यांत आहे. ज्या विद्येनें देवाची मूर्ति ओतली, त्याच विद्येनें पुढें दाढेची टोपी ओतली गेली.

यापुढची कथा जिनसांची आहे. डेट्रॉइटचा चार्ल्स लँड यानें १९०३ च्या सुमारास निव्वळ चिनी मातीची टोपी प्रचारांत आणली. १९२७ सालीं एकट्यानें विमानांतून अटलांटिक ओलांडणारा लिंडबर्ग हा या लँडचाच दौहित्र. आजोबांची टोपी दिसावयास सुरेख, पण ठिसूळ होती. कारण चिनी माती दाब सोसते, ताण सोसत नाहीं. १९६२ सालीं वाइनस्टाइन प्रभृतींनीं धातूवर चिनी माती भाजून एकजीव करण्याचें पेटंट घेतलें. दोन्ही पदार्थ तापून प्रसरण पावण्याचें व निवून आकुंचन पावण्याचें प्रमाण जवळजवळ सारखें ठेवणें, हें त्यांतलें रहस्य. १९७१ नंतर सोन्याचा भाव भडकला, तेव्हां टोपीच्या पोटांतलें सोनें जाऊन तेथें निकेल आणि क्रोमियम यांचे मिश्रधातु आले. १९८५ सालीं झूरिक येथें मोरमान यानें यंत्राच्या डोळ्यानें दांताचें माप घेऊन, यंत्रानेंच कोरलेली भरणी रोग्याच्या दांतांत बसविली. आज झिर्कोनिया नांवाच्या अतिशय टणक पदार्थाच्या टोप्याही त्याच मार्गानें तयार होतात.

आपल्या देशांत हें शास्त्र पद्धतशीर शिकविण्यास आरंभ झाला तो १९२० सालीं, डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास दंतवैद्यकाचें कॉलेज काढलें तेव्हां. मुंबईस नायर हॉस्पिटलचें दंत-महाविद्यालय १९३३ सालीं निघालें, आणि १९४८ सालीं दंतवैद्यांचा कायदा झाला. तत्पूर्वीं आणि नंतरही रस्त्याच्या कडेला अवजारें मांडून बसणारे दांतवाले चकचकीत टोप्या बसवून देत; त्यांतल्या पुष्कळ टोप्यांखालीं हंटरनें पाहिलेलाच प्रकार चालू असे.

आतां, श्रोतेहो, ज्यांच्या तोंडांत टोपी आहे त्यांनीं या इतिहासापासून व्यवहारांत काय घ्यावें, तें पाहूं. टोपीच्या खोड्या फार नाहींत. पांचसहाच आहेत, आणि बहुतेकींचें मूळ वरच्या कथेंत येऊन गेलेंच आहे.

पहिली खोडी म्हणजे टोपी सुटणें. जेवतांना ती हातांत आली तर घाबरूं नये आणि ती टाकूनही देऊं नये. स्वच्छ धुवून डबींत ठेवावी, त्या बाजूनें चावूं नये आणि दोनचार दिवसांच्या आंत दंतवैद्याकडे जावें. कारण उघडा पडलेला दांत लवकर किडतो आणि शेजारचे दांत सरकले तर तीच टोपी पुन्हां बसत नाहीं. घरांतल्या डिंकानें किंवा भांडीं जोडण्याच्या लुकणानें ती चिकटविण्याचा मोह आवरावा. त्यानें हिरडी भाजते, टोपी वांकडी बसते आणि पुढचें काम बिघडतें. औषधांच्या दुकानांत तात्पुरतें सिमेंट मिळतें, तें दूरच्या प्रवासांत चालेल. परंतु सैल टोपी तोंडांत ठेवून झोंपूं नये, ती श्वासनलिकेंत जाण्याचा संभव असतो. टोपी गिळली गेली तर ती बहुधा आपोआप पडून जाते, तरीही वैद्याला कळवावें. मात्र गिळल्यानंतर ठसका थांबत नसेल किंवा श्वासास अडथळा होत असेल तर क्षणाचाही विलंब न लावतां इस्पितळ गांठावें. एकच टोपी वारंवार सुटत असेल, तर दोष सिमेंटचा नसून खालच्या दांताचा असतो. तो फारच आखूड उरलेला असतो किंवा आंतून पोखरला गेलेला असतो. म्हणून नुसती चिकटवून घेण्यापेक्षां कारण विचारावें.

दुसरी खोडी, टोपी उंच लागणें. तोंड मिटलें कीं प्रथम तीच टेकते, आणि चावतांना दांत ठणकतो. 'संवय होईल' म्हणून पुष्कळ लोक महिनाभर सोसतात. तें चुकीचें आहे. किंचित् घांसून टोपी बेताची करणें हें पांच मिनिटांचें काम आहे, आणि तें न केल्यास दांताच्या मुळाशीं सूज येते.

तिसरी, ठणका. जिवंत नसेच्या दांतावर टोपी बसविल्यावर कांहीं दिवस थंडगार लागल्यास कळ येते व लगेच ओसरते. एकदोन आठवड्यांत ती बहुधा जाते. परंतु गरम चहानें कळ उठून ती बराच वेळ रेंगाळत असेल, किंवा रात्रीं आपोआप दांत ठणकून झोंप मोडत असेल, तर आंतली नस सुजली आहे असें समजावें. अशा वेळीं टोपीला छिद्र पाडून किंवा ती काढून मुळाची नळी साफ करावी लागते. यालाच आपण 'रूट कॅनॉल' म्हणतों. स्पूनरच्या काळीं नस मारून तशीच सोडीत. आज ती काढून, नळी धुवून बंद करतात, हा सगळा फरक. आणि एक महत्त्वाची गोष्ट : फार दिवस ठणकणारा दांत अचानक गप्प झाला, तर तो बरा झाला असें मानूं नये. नस मेली असण्याचा संभव अधिक. पुढें हिरडीवर फोड येते, पू येतो. गालास सूज, ताप, गिळतांना त्रास किंवा तोंड न उघडणें, यांतलें कांहींही दिसल्यास त्याच दिवशीं इस्पितळांत जावें; लवंगेचें तेल लावून वाट पाहूं नये.

चौथी खोडी सर्वांत गुप्त आणि सर्वांत नासकी. ती म्हणजे कडेखालची कीड. टोपी स्वतः किडत नाहीं, म्हणून तिची निगा राखावयास नको, असा गैरसमज सुशिक्षित घरांतही आढळतो. पण टोपी जेथें संपते त्या रेषेवर आपला खरा दांत उघडा असतो. दिवसांतून दोनदां, फ्लोराइडयुक्त पेस्टनें आणि मऊ ब्रशानें, हिरडीच्या कडेशीं घांसणें आणि दोन दांतांमधली फट धाग्यानें किंवा बारीक ब्रशानें साफ करणें, हाच तिच्यावरचा उपाय. धागा आडवा ओढून काढल्यास सांध्याची परीक्षाही होते. तो एकाच जागीं वारंवार फाटूं लागला तर तेथें कड सुटली आहे असें समजून ती तपासून घ्यावी.

पांचवी, टवका उडणें. लहान टवका घांसून गुळगुळीत करतां येतो. मोठा असल्यास टोपी नवी करावी लागते. सुपारी फोडणें, बाटलीचें झांकण दांतानें काढणें, बर्फ चावणें हे टोपीचे शत्रु आहेत. झोंपेंत दांत खाण्याची संवय असणाऱ्यांनीं रात्रीं दांतांवर बसविण्याची पट्टी करून घ्यावी. झिर्कोनियाची टोपी सहसा फुटत नाहीं; पण तिचा पृष्ठभाग खरखरीत राहिला तर समोरचा खरा दांत झिजतो, म्हणून घांसल्यानंतर ती पुन्हां चकाकविली आहे ना, हें विचारावें.

उरली हिरडीशीं दिसणारी काळी रेघ. धातूवरच्या चिनी मातीच्या टोपीची कड हिरडी मागें सरल्यावर उघडी पडते, ती ही रेघ. तिनें अपाय होतोच असें नाहीं. मात्र तेथें हिरडी सुजत असेल, रक्त येत असेल, तर दाखवावें. कानांतल्या खोट्या दागिन्यानें ज्यांच्या कानास खाज सुटते, त्यांस निकेल सोसत नसण्याचा संभव असतो. त्यांनीं टोपी करण्यापूर्वींच तसें सांगावें.

टोपी किती वर्षें टिकते, असें प्रत्येक जण विचारतो. चांगल्या निगेनें दहापंधरा वर्षें ती सहज टिकते, कित्येकांची त्याहून अधिक. तथापि ती आजन्म टिकणारी वस्तु नव्हे. म्हणून वर्षांतून एकदोनदां ती तपासून घ्यावी आणि वैद्य सांगेल तेव्हां क्ष-किरणांचें चित्र काढावें. केल्सला ज्या किरणांनीं खाल्लें त्यांची मात्रा आज अत्यल्प आहे. नवी टोपी घेतांना दर आणि रंग विचारण्याआधीं दोन प्रश्न विचारावेत : खालचें मूळ निरोगी आहे काय? आणि कड हिरडीशीं नेमकी बसली आहे काय? या दोन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर टोपी सोन्याची आहे कीं चिनी मातीची, हा प्रश्न दुय्यम आहे. एट्रुस्कन स्त्रियांनीं सोनें मिरविलें, अमेरिकन धनिकांनीं सोनें मिरविलें. पण चावण्याचें काम शेवटपर्यंत केलें तें खालच्या मुळानें. मूठ झांकलेली असली तरी आंतलें धन मालकानें अधूनमधून मोजून पाहिलें पाहिजे. तसें केलें तर ती खरोखरच सव्वा लाखाची राहील.